डेल कॉरिगनच्या जागी

डेल कॉरिगन आम्हाला सोडून गेला तो पोर्टाज ला प्रेरी या गावच्या पेट्रोल पंपावरून. व्हॅनमध्ये पेट्रोल भरून होईपर्यंत तोंड धुऊन येतो म्हणाला, तो आलाच नाही. ल्यूसियन शोधायला गेला तर पंपावरचा माणूस म्हणाला, "तुमचा तो केसाळ दोस्त ना? तो मघाशीच पश्चिमेकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढला. हात हलवून गेला की." त्याची गिटार व्हॅनमध्येच होती. आम्ही ती तशीच घेऊन विनिपेगला परतलो.

साल एकाहत्तर. त्याच वर्षी सरकारनं रेडिओवर सक्ती केली होती, की अमुक इतकी गाणी आपल्या देशातलीच वाजवायची. तोवर आमच्यासारख्यांना मॅनिटोबा प्रांताबाहेर कुत्रं विचारत नव्हतं. आता रेडिओवाल्यांना एकदम देशी गाण्यांची टंचाई भासायला लागली आणि त्यांच्या हाताला आमचं 'बर्फ वितळेपर्यंत' लागलं. मग काय, न्हाव्याच्या दुकानात तेच, ट्रॅक्टरवर तेच, दाताच्या डॉक्टरकडे तोंड वासून पडावं तर तिथेही तेच. गाण्याच्या शेवटच्या ओळीत डेलचा आवाज वर वर चढत जायचा आणि अगदी टोकाला गेला की फाटायचा. त्या फाटण्यावर लोक जीव टाकत होते.

आमच्या बँडचं नाव लँटर्न लेक. मी ऑर्गन वाजवायची. माझं नाव इर्मा टेव्स, स्टाइनबाखच्या, नाचगाणं पाप मानणाऱ्या मेनोनाइट घरातली. मी विनिपेगमध्ये मुलांना पियानो शिकवते अशी वडिलांची समजूत होती, आणि ती मोडायची मला घाई नव्हती. ड्रमवर सेंट बोनिफेसचा ल्यूसियन कॅरिएर. त्याची जीभ त्याच्या काठ्यांपेक्षा जास्त चालायची. बेस गिटार गॉर्डकडे. गॉर्ड वाजवायचा, जेवायचा आणि झोपायचा. आणि आम्हा सगळ्यांच्या वर मॅनेजर लॉर्न व्हिटकोंब, कायम उंटाच्या रंगाचा कोट आणि गालात पेपरमिंटची गोळी.

डेल पळाला हे सांगायला आम्ही लॉर्नच्या घरी गेलो तेव्हा वाटलं होतं, हा आता डोकं धरून बसेल. त्यानं शांतपणे गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"गेला कोण?" त्यानं विचारलं.

"डेल," मी म्हणाले.

"गेला तो विल्फ स्टब्स. गायी राखणाऱ्यासारखं नाव होतं म्हणून मी त्याला डेल कॉरिगन केला. बँडचं नाव माझं, डेलचं नाव माझं, दोन्ही रीतसर माझ्या मालकीची आहेत. त्या नावात कोण राहतं ते मी ठरवतो, इर्मा. एक भाडेकरू गेला, दुसरा येईल."

ल्यूसियन म्हणाला, "आणि लोकांना कळणार नाही?"

"लोकांनी पाहिलंय काय? रेकॉर्डच्या कव्हरवर तळ्याकाठी चार काळ्या सावल्या. टीव्हीवर तुम्ही कधी आला नाहीत. लोकांना डेलचा आवाज माहीत आहे. आवाज आणला की डेल आला."

आणि त्यानं आवाज आणला.

ओरेस्ट ह्नात्युक डॉफिनचा. तिथे युक्रेनियन वस्ती दाट. त्याचे वडील लवकर गेले होते, आई परास्का तिथल्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला. हा दिवसा धान्याच्या कोठारावर राबायचा आणि शनिवारी लोकांच्या लग्नात गायचा. लॉर्ननं त्याला अशाच एका लग्नात ऐकलं. मुलगा उंच, हाडापेरानं मोठा, बोलायला लागला की कान लाल व्हायचे. त्याचा मूळचा आवाज खालचा, जाड आणि उबदार. पण कुणाचीही नक्कल करायची त्याला सवय होती, कारण लग्नात लोक रेडिओवरचीच गाणी मागतात. त्या दिवशी त्यानं आमचंच गाणं म्हटलं होतं, फाटण्यासकट.

लॉर्ननं त्याला सांगितलं, "एक वर्ष डेल हो. मग तुझी स्वतःची गाणी, तुझ्या स्वतःच्या नावानं. मी आहे ना."

कागदावर मात्र पाच वर्षं होती. त्या पाच वर्षांत लॉर्नच्या परवानगीशिवाय त्याला कुठेही, कुठल्याही नावानं गाता येणार नव्हतं. लग्नातसुद्धा नाही. तो खरा कोण, हे कुणाला सांगायचं नाही, आईलाही नाही. आणि त्या काळात तो जी गाणी रचेल ती लॉर्नच्या ताब्यात. ओरेस्टनं हे वाचलं होतं. नंतर मी त्याला विचारलं, अरे मग सही कशी केलीस? तो म्हणाला, "डॉफिनमध्ये मला कुणी काहीच विचारत नव्हतं गं. ह्यानं निदान विचारलं."

आईला त्यानं सांगितलं, विनिपेगच्या एका बँडमध्ये सामान उचलायचं काम मिळालंय.

लॉर्नच्या तळघरात आम्ही त्याला तयार केलं. तळघराला खिडकी नव्हती, कोपऱ्यात भट्टी घुरघुरायची. रेकॉर्ड लावायची, ऐकायची, गायची, पुन्हा लावायची. मी ऑर्गनवर सूर देत बसायची. सगळं जमलं, पण ती शेवटची ओळ जमेना. लग्नात तो गंमत म्हणून फाडायचा, ते कसंही चालून जायचं. इथे ते अगदी डेलसारखं, त्याच शब्दाच्या त्याच अक्षरावर हवं होतं.

"गळा आवळ जरा," लॉर्न पायऱ्यांवर बसून म्हणायचा. "रडू आलंय पण रडायचं नाही, असं."

ओरेस्ट गळा आवळायचा. शिरा तट्ट फुगायच्या. एका दुपारी ते जमलं. लॉर्न उठून उभा राहिला, त्यानं गोळी चावून खाल्ली आणि म्हणाला, "ये डेल, ये. कुठे होतास इतके दिवस?"

सगळे हसलो. ओरेस्टही हसला.

मग आम्ही निघालो. रेजायना, सॅस्काटून, मूस जॉ, मेडिसिन हॅट. हॉटेलांचे बार, कर्लिंग खेळायची बर्फाची मैदानं, शाळांमधल्या व्यायामशाळा. व्हॅनच्या मागच्या बाकावर ओरेस्ट, डोळ्यांना काळा चष्मा, खांद्यापर्यंत केस, ओठांवर डेलसारख्या मिशा. चष्मा त्यानं जेवतानासुद्धा काढायचा नाही असा हुकूम होता. आम्हीही त्याला डेलच म्हणायचं, व्हॅनमध्येही, म्हणजे चुकून तोंडातून निघून जायला नको. पहिले काही दिवस ल्यूसियन मुद्दाम "डेलमहाराज" म्हणायचा. पुढे पुढे त्यानं तेही सोडलं. नुसतं डेल. आणि ते आम्हाला जड जाईना, हेच वाईट.

स्विफ्ट करंटला एक मुलगी कार्यक्रमानंतर मागच्या दारानं आत आली. हिरवा कोट, नाक थंडीनं लाल. मिणमिणत्या दिव्यात ओरेस्टच्या समोर उभी राहून म्हणाली, "ओळखलंस?"

ओरेस्टनं माझ्याकडे पाहिलं. मला काहीच माहीत नव्हतं.

"गेल्या उन्हाळ्यात म्हणालास फोन करतो. मी टेलिफोनपाशी बसून राहिले. घरचे हसायला लागले मला."

लॉर्न दारातच उभा होता. ओरेस्ट म्हणाला, "माझं चुकलं."

"एवढंच?"

"तू बसून राहिलीस हे मला कळायला हवं होतं. मी तसा माणूस असायला नको होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचा राग कुठेतरी घसरला. "तू तेव्हा असा बोलला असतास तर," ती म्हणाली आणि गेली.

व्हॅनमध्ये ल्यूसियन म्हणाला, "वा. डेलपेक्षा तू बरा डेल आहेस."

ओरेस्ट म्हणाला, "त्याचं पाप मी का धुतोय, ल्यूसियन? मी आयुष्यात कुठल्या मुलीला फोन करतो म्हणून फसवलं नाही. मला एकीचाही नंबर कुणी दिलेला नाही."

आम्ही हसलो. त्यानं खिडकीकडे तोंड केलं. बाहेर सपाट बर्फ, मैलोन् मैल, कुठे डोळा अडकेल असं काही नाही. एवढ्या मोकळ्या मुलखात माणूस इतका कोंडलेला असू शकतो हे मी त्याच्याकडे बघून शिकले.

वर्ष संपलं. ओरेस्टनं लॉर्नकडे स्वतःच्या गाण्यांचा विषय काढला. लॉर्न म्हणाला, पुढच्या वसंतात. वसंतात म्हणाला, आधी दुसरी रेकॉर्ड निघू दे, डेलची. दुसरी रेकॉर्ड निघाली. तिच्यात ओरेस्टचं एक गाणं होतं, पण ते डेलच्या आवाजात, आणि खाली नाव 'कॉरिगन'. ती रेकॉर्ड हातात घेऊन तो कितीतरी वेळ त्या छोट्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला.

"सोडून जा," मी त्याला एकदा म्हणाले. "विल्फ गेला तसा."

"आणि काय करू? गाता तर येणार नाही. लॉर्न कोर्टात खेचेल. आणि मी गेलो की तो उद्या तिसरा आणेल, माझी गाणी त्याच्या तोंडी देईल." मग म्हणाला, "विल्फ पळाला तेव्हा त्याच्या मागे काही राहिलं नव्हतं. माझं सगळं त्या नावाच्या घरात आहे."

त्याच उन्हाळ्यात लॉर्ननं डॉफिनच्या जत्रेतला कार्यक्रम घेतला.

ओरेस्टला हे व्हॅनमध्ये कळलं. तो पांढराफटक पडला. "लॉर्न, तिथे नको. तिथे मला शेंबडं पोरसुद्धा ओळखतं."

"मिशा आहेत, चष्मा आहे, केस आहेत. आणि लोक जे बघायला येतात तेच बघतात." लॉर्न आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाला. "एक लक्षात ठेव. कुणी ओळखलं आणि गवगवा झाला, तर बँड बुडाला. करार मोडल्याचं खापर तुझ्यावर. मग तू म्हातारा होईपर्यंत न्हाणीघरातच गायचं."

पण मला दिसत होतं, ओरेस्टच्या चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीच्या आड आणखी काहीतरी होतं. रात्रीच्या मुक्कामाला त्यानं स्वतःचा सदरा स्वतः इस्त्री केला.

जत्रा भर दुपारची होती. ऊन असं की स्टेजच्या फळ्यांवर हात ठेववेना. कुठे गुरांचा लिलाव चालू, कुठे पाळणे, कुठे चर्चच्या बायकांनी मांडलेले खाण्याचे टेबल. तळलेल्या कांद्याचा आणि लसणाच्या सॉसेजचा वास सगळ्या मैदानावर. लॉर्न आम्हाला घेऊन त्या टेबलांपाशी गेला. मुद्दामच गेला असेल, पारख करायला.

टेबलामागे एक लठ्ठ, डोक्याला फडकं बांधलेली बाई होती. पुढे कळलं, ती ओरेस्टची सख्खी मावशी. तिनं कागदी ताटलीत कोबीच्या पानात गुंडाळलेले भाताचे रोल काढले, वर साय घातली आणि ताटली ओरेस्टपुढे धरली.

"घ्या, कॉरिगनसाहेब. असलं काही तुमच्याकडे विनिपेगमध्ये मिळत नसेल."

ओरेस्टनं ताटली घेतली. "नाही," तो म्हणाला. "असं नाही मिळत."

"सावकाश खा. आमच्याकडे एक मुलगा होता, तो असाच गरम गरम गिळायचा आणि मग तोंड भाजलं म्हणून नाचायचा."

शेजारची बाई खाली बघून ताटल्या पुसायला लागली. मावशीचा चेहरा मात्र दगडासारखा. लॉर्ननं दोन रोल खाल्ले, बाईंची तारीफ केली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघितलंस? कुणालाही पत्ता नाही."

मला कळून चुकलं होतं. त्या मैदानावरच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. तिकिटं फाडणारा म्हातारा ओरेस्टकडे बघायचंच टाळत होता. कुंपणावर बसलेली त्याच्या वयाची मुलं त्याला बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होती आणि लगेच गंभीर होत होती. पुढे कळलं, वर्षभरापूर्वी ब्रँडन गावात डॉफिनच्याच एका माणसानं त्याला स्टेजवर पाहिलं होतं. तो परत येऊन परास्काकडे गेला. परास्कानं त्याला बसवून सगळं ऐकून घेतलं आणि मग घरोघर जाऊन सांगून आली, की माझ्या मुलानं हे लपवलंय म्हणजे त्याला तसं कारण असेल, कुणी तोंड उघडायचं नाही. अख्ख्या गावानं तोंड उघडलं नव्हतं.

आम्ही स्टेजवर गेलो. लॉर्न बाजूला, स्पीकरच्या सावलीत उभा. आम्ही चार गाणी वाजवली असतील. ओरेस्ट त्या दिवशी विलक्षण गायला. आणि मग 'बर्फ वितळेपर्यंत'च्या आधी तो थांबला. ल्यूसियननं काठ्या उचलल्या होत्या, त्या तशाच वर राहिल्या.

ओरेस्टनं चष्मा काढला. उन्हानं डोळे मिचकावत तो लोकांकडे बघत राहिला. माइकमध्ये खाली, स्वतःच्या आवाजात म्हणाला, "मी इथलाच आहे."

मला लॉर्न दिसत होता. त्याचं चघळणं थांबलेलं.

मैदान चिडीचूप. पाळण्याचं यंत्र तेवढं करकरत होतं. ओरेस्ट थांबला होता. एकानं फक्त नाव घ्यायचं होतं. एका माणसानं "ओरेस्ट" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

पुढच्या रांगेतून एक रुंद खांद्यांचा माणूस उठला. तो शाळेत ओरेस्टला हॉकी शिकवायचा. त्यानं लॉर्नकडे एकदा पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "जिथे जातोस तिथे हेच म्हणत असशील, डेल. आम्हाला लोणी लावू नकोस. गाणं म्हण."

लोक हसले. टाळ्या सुरू झाल्या. मागून कुणीतरी "डेल, डेल" सुरू केलं आणि मग सगळं मैदान त्याच तालात. त्याची मावशी, कुंपणावरची मुलं, चर्चचे पाद्रीबुवा दाढी हलवत, सगळे डेल डेल करत होते. त्यांना वाटत होतं आपण त्याला वाचवतोय. आणि एका अर्थी वाचवतच होते.

ओरेस्टनं चष्मा पुन्हा घातला. मी सूर दिला. शेवटच्या ओळीला त्याचा गळा फाटला तो ठरल्यापेक्षा आधीच, एक शब्द आधी. लोकांनी टोप्या उडवल्या.

नंतर एका टेबलावर रेकॉर्डवर सह्या द्यायच्या होत्या. लॉर्न खुश होऊन ओरेस्टच्या खांद्यावर हात ठेवून उभा. "चष्मा काढून 'मी इथलाच' म्हणायचं, हे फार छान. हे प्रत्येक गावात करू," तो म्हणत होता. रांग सरकत होती. रांगेत एक बारीक चणीची बाई आली, निळ्या फुलांचा झगा, हातात पर्स छातीशी धरलेली आणि दुसऱ्या हातात रेकॉर्ड. तिचे ओरेस्टसारखे लाल झालेले कान बघताच मी ओळखलं.

ओरेस्टनं मान वर केली आणि तो तसाच राहिला.

"नाव काय लिहू?" अखेर त्यानं विचारलं.

"परास्का," ती म्हणाली. "माझा मुलगा तुमच्याकडे सामान उचलायला आहे. ओरेस्ट."

"हो. आहे."

"आज दिसला नाही."

"व्हॅनपाशी आहे. काम आहे त्याला."

"असू दे. त्याला सांगाल, आई बरी आहे. गुडघा दुखायचा तो आता दुखत नाही. आणि मागच्या दाराची कडी दुरुस्त करून घेतली." तिनं रेकॉर्ड टेबलावर ठेवली. "नीट जेवतो का तो?"

"जेवतो."

"बारीक झालाय."

लॉर्न पटकन म्हणाला, "तुम्ही पाहिलंत त्याला?"

परास्कानं लॉर्नकडे पाहिलं, अगदी सरळ. "आईला बघावं लागत नाही," ती म्हणाली.

ओरेस्टनं रेकॉर्डवर लिहिलं: परास्कास, डेल कॉरिगन. तिनं ते वाचलं, शाई वाळावी म्हणून हलकेच फुंकर घातली, रेकॉर्ड छातीशी धरली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली. वळून पाहिलं नाही.

डॉफिन मागे पडलं. मग ओरेस्ट माझ्याशी बोलला, पुढे लॉर्नला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. "मला वाटलं होतं, तिथे कुणीतरी हाक मारील. एकानं जरी मारली असती, तर सगळं तिथल्या तिथे संपलं असतं. मग लॉर्ननं काहीही केलं असतं. मी तयार होऊन आलो होतो, इर्मा."

"त्यांनी तुझ्यासाठीच केलं ते."

"तेच तर. शत्रूनं कोंडलं असतं तर दार तरी फोडलं असतं."

त्यानंतर त्यानं कधी सुटायची गोष्ट काढली नाही. आम्ही गावोगाव गेलो. त्यानं गावोगाव चष्मा काढला आणि "मी इथलाच आहे" म्हटलं, कारण लॉर्नला ते आवडलं होतं. सू सेंट मेरीतही तो तिथलाच होता आणि फोर्ट मॅकमरीतही. हळूहळू रेडिओवर दुसरी गाणी आली, दुसरे बँड आले, आमची सभागृहं लहान होत गेली. गॉर्ड एके दिवशी ट्रक चालवायला निघून गेला आणि त्याच्या जागी आलेल्याला आम्ही गॉर्डच म्हणायला लागलो.

करार संपायला थोडेच महिने राहिले असताना लॉर्ननं बँडचं आणि डेलचं अशी दोन्ही नावं ओंटारियोतल्या एका माणसाला विकून टाकली. त्या माणसाकडे स्वतःचा एक तरुण गायक होता. लॉर्ननं हे आम्हाला केनोराच्या एका खाणावळीत, पॅनकेक खाता खाता सांगितलं.

"म्हणजे मी आता कोण?" ओरेस्टनं विचारलं.

"तू मोकळा," लॉर्न म्हणाला. "घे की तुझं नाव परत. आणि ती तुझी गाणी, रेकॉर्डवर न आलेली, तीही घेऊन जा. त्यांना ती नको आहेत."

ल्यूसियननं कॉफीचा कप उचलून धरला. "अभिनंदन. घरमालकानं बाहेर काढलं." आणि मग तोच रडायला लागला.

ओरेस्ट टोरोंटोला गेला. एका छोट्या स्टुडिओनं त्याला वेळ दिला, मी ऑर्गनला गेले. स्वतःचं नाव, स्वतःची गाणी, समोर काच, काचेपलीकडे हेडफोन लावलेला एक सभ्य माणूस. ओरेस्टनं पहिलं गाणं सुरू केलं. खालच्या सुरात सुरू केलं, पण दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाज आपसूक वर चढला आणि कडव्याच्या शेवटी फाटला. त्यानं थांबून पाणी प्यायलं. पुन्हा तेच. जिथे फाटायला नको तिथेही फाटायचा. दुपारभर आम्ही खटपट केली.

शेवटी तो माणूस बाहेर आला. "गाणी चांगली आहेत," तो म्हणाला. "पण वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यावर डेल कॉरिगनचा फार परिणाम दिसतो. लोक म्हणतील, नक्कल करतोय."

"खरं आहे," ओरेस्ट म्हणाला. त्यानं त्या माणसाशी हात मिळवला, माझा कोट मला धरून दिला. रस्त्यावर आल्यावर मात्र त्याला हसू आवरेना. भिंतीला टेकून तो हसत राहिला, आवाज न करता. मग डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या. घशातल्या पडद्यांवर गाठी धरल्या होत्या. त्या कापल्या. बोलण्यापुरता आवाज राहिला, घोगरा, वाऱ्यासारखा. गाण्याचा गेला.

मी स्टाइनबाखला परतले आणि खरोखरच मुलांना पियानो शिकवायला लागले. ओरेस्ट डॉफिनला गेला, रेल्वेच्या मालधक्क्यावर लागला. कधीतरी फोन करायचा. गावात त्याला अजून काही जण डेलच म्हणतात, असं सांगायचा. चेष्टेनं नाही, नुसती सवय म्हणून. दुकानात, बँकेत. इतकं जपलेलं गुपित, ते आता त्यांच्या जिभेवरून उतरत नव्हतं.

पुढे एका शरदात मी गाडी काढून त्याच्याकडे गेले. परास्का आता थकली होती, पण स्वयंपाकघरात तिचंच राज्य. बिटाचं सूप, काळा पाव, लोणी. ओरेस्ट जाड झाला होता, केस कापलेले, मिशा नाहीत. कान तेच. जेवण झाल्यावर त्यानं कपाटावरून कागदांचा गठ्ठा काढला. त्याची गाणी. सूर हातानं लिहिलेले, काही ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या.

"ही मी कधी ऐकलेली नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे डोक्यात ऐकली. बाहेरून कधी नाही."

"मग?"

"तू म्हणून दाखव."

"मी? अरे, मी आयुष्यात कधी एकटी गायले नाही. चर्चमध्ये सगळ्यांच्यात तोंड हलवते तेवढंच. माझा आवाज सपाट आहे, फळीसारखा."

"फळीच हवी," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा आवाज नको."

परास्का सिंकपाशी भांडी धूत होती, तिनं नळ बंद केला आणि हात पुसत खुर्चीवर येऊन बसली. आता नाही म्हणणं शक्य नव्हतं. मी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि सुरू केलं. गाणं धान्याच्या कोठारावर काम करणाऱ्या एका मुलाचं होतं, त्याच्या बाहीत गव्हाची धूळ साठते आणि कितीही झटकली तरी उरते, इतकंच. काही मोठं नाही. सूर मात्र असा खाली खाली, जमिनीलगत जाणारा, की डेलचा गळा तिथे कधी पोहोचलाच नसता.

ओरेस्ट टेबलावर कोपरं ठेवून ऐकत होता. तिसऱ्या ओळीला म्हणाला, "खाली घे अजून." मी घेतली. त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते आणि गळ्यातली ती घाटी वर खाली होत होती. आवाज येत नव्हता. एका कडव्याला माझाच सूर हलला आणि मी थांबले.

"थांबू नकोस," तो म्हणाला.

परास्कानं त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "हे त्याचं आहे?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "ओरेस्टचं."

तिनं टेबलावरचे पावाचे कण हातानं एकत्र केले, मुठीत घेतले आणि तशीच बसून राहिली. गठ्ठ्यात अजून पुष्कळ गाणी होती. मी पुढचा कागद उचलला.